काँटेसाचे साइड स्कर्ट: फायबर नंतर, आधी पत्रा

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कार्ब्युरेटरच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. जुन्या गाडीला फायबरचे साइड स्कर्ट बसवायचे असतील तर काय करायचं? कोणी प्रीमियर ११८ एनईबद्दल विचारलं, कोणी मारुती ८०० बद्दल, पण सगळ्यात जास्त विचारणा काँटेसाची. साहजिक आहे. आपल्याकडे जुनी 'स्पोर्टी' गाडी म्हटलं की काँटेसाच डोळ्यांसमोर येते. लांब बोनेट, मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि नव्वदच्या दशकातल्या हिंदी सिनेमातला व्हिलन.

खरं सांगायचं तर स्पोर्ट्स कार म्हणावी असं तिच्यात फार काही नाही. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये ती आणली ती इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर घराण्यातली बॉडी घेऊन, आणि सुरुवातीचं इंजिन अँबॅसिडरच्याच जातकुळीतलं, पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवरचं. एवढ्या मोठ्या गाडीला ते कसं पुरणार? पुढे इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, तेव्हा 'काँटेसा क्लासिक' जरा पळायला लागली. २००२ ला उत्पादन बंद झालं. म्हणजे आज रस्त्यावरची सगळ्यात तरुण काँटेसासुद्धा वीस वर्षांच्या पुढची आहे, आणि आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

माझ्या मामांकडे शहाद्याला एक काँटेसा क्लासिक आहे. एमएच ३९. मामांना तिला साइड स्कर्ट बसवायचे होते, घरात लग्न होतं म्हणून. मी पुण्याहून आठवडाभर वर्क फ्रॉम होम काढून गेलो. दिवसा स्टँडअप कॉल, संध्याकाळी गॅरेज. त्यामुळे आज जे सांगतोय ते त्या गाडीवर झालेलं आहे, नुसतं यूट्यूबवर बघून नाही.

आधी साइड स्कर्ट म्हणजे काय ते एका मिनिटात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, दाराच्या खाली जी पट्टी असते, तिच्यावर चढवलेली झालर. ही कल्पना रेसिंगमधून आली. लोटसने १९७८ च्या लोटस ७९ मध्ये गाडीच्या दोन्ही बाजूंना जमिनीला टेकणारे, वर-खाली सरकणारे स्कर्ट लावले. त्यामुळे गाडीच्या पोटाखाली कमी दाब तयार व्हायचा आणि गाडी रस्त्याला चिकटायची. मारिओ अँड्रेटी त्या वर्षी जगज्जेता झाला. हे सरकते स्कर्ट १९८१ मध्ये बंद करायला लावले. मग तो 'लुक' रस्त्यावरच्या गाड्यांवर उतरला. काम गेलं, रूप राहिलं. शहादा ते प्रकाशा रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीच्या मागे चाळीसच्या स्पीडने जाताना तुमच्या स्कर्टने कसलाही डाउनफोर्स मिळत नाही, हे लक्षात असू द्या. शोभेची वस्तू आहे. शोभेची म्हणून करायला माझी काही हरकत नाही, गाडी आपली आहे.

पण ही शोभेची वस्तू बसते कुठे? सिलवर. काही गॅरेजवाले त्याला रॉकर पॅनल म्हणतात, काही नुसतं 'खालची पट्टी'. काँटेसाला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा आहे, आणि त्या सांगाड्यात पुढचा भाग मागच्या भागाला जोडून ठेवणारी जी मुख्य हाडं आहेत, त्यातली दोन म्हणजे हे सिल. आतून पोकळ. दाराच्या काचेवरून आलेलं पाणी, चाकाने उडवलेला चिखल, सगळं तिथे पोचतं. बाहेर जायला खाली छोटी भोकं असतात, ती मातीने बुजतात. मग पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग चकचकीत, आतून पापड.

म्हणजे गाडीचा जो भाग सगळ्यात जास्त भार घेतो आणि सगळ्यात आधी गंजतो, नेमका तोच आपण झाकायला निघालोय. मला या सगळ्या प्रकारात एवढीच एक गोष्ट गंभीर वाटते.

मामांची गाडी आम्ही जॅकवर घेतली. तपासायला काही मोठं मशीन लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल वाजवत जायचं. चांगला पत्रा ठण्ण वाजतो, सडलेला किंवा लांबी भरलेला थप्प वाजतो. मग एक साधं लोहचुंबक फिरवायचं. लोखंडाला ते चिकटतं, जाड लांबीवर नाही. डाव्या बाजूला, मागच्या दाराच्या खाली, जवळजवळ वीतभर लांबीत चुंबक सरळ खाली पडलं. कधीतरी कुठल्यातरी गॅरेजने गंजावर लांबी थापून वर रंग मारला होता. मामांच्या आधीच्या मालकाच्या काळात झालं असावं.

अजून एक टेस्ट आहे, ती नक्की करा. गाडी सपाट जमिनीवर असताना पुढच्या दाराच्या मागच्या कडेची फट बघून ठेवा. मग पुढच्या बाजूने जॅक लावून एक चाक उचला आणि पुन्हा फट बघा. दार नीट उघडतंय, बंद होतंय का? फट बदलली, दार अडकायला लागलं, तर बॉडी वाकते आहे. अशा गाडीचा स्कर्ट विसरा, आधी तिचा सांगाडा वाचवा. मामांचं दार अडकत नव्हतं, पण फट किंचित हलली. मामा काही बोलले नाहीत, चहा सांगायला आत गेले.

लग्न पंधरा दिवसांवर. घरात दोन मतं पडली. एक मत असं की आत्ता स्कर्ट लावा, लग्न होऊ द्या, पत्र्याचं नंतर बघू. मला हे 'नंतर' माहीत आहे, सॉफ्टवेअरमध्ये आम्ही त्याला टेक्निकल डेट म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही. त्यात स्कर्ट एकदा चढला की गंज दिसतच नाही. स्कर्टच्या मागे ओली माती साठते आणि सडण्याचा वेग वाढतो. गाडीत लग्नाचं वऱ्हाड बसणार होतं. कोंडाईबारीच्या घाटात समोरून ट्रक अंगावर आला, तर त्या बाजूला माणसाच्या आणि ट्रकच्या मधे हाच सिल असतो. मी तेवढंच मामांना म्हणालो. त्यांनी वेल्डिंगवाल्याला फोन लावला.

सिल बदलताना दोन गोष्टींवर अडून बसा. एका वेळी एकच बाजू कापायची. आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइपचा आडवा टेका मारून घ्यायचा, नाहीतर बॉडी बसते आणि दार परत कधीच नीट लागत नाही. गॅस वेल्डिंगपेक्षा सीओटू वेल्डिंग बरं, पातळ पत्रा कमी वाकतो. बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघा आणि आगीसाठी पाण्याची नाही, वाळूची बादली जवळ ठेवा. नवीन पत्र्याला झिंक प्रायमर, आणि पोकळीत आतून पातळ मेण किंवा अँटी-रस्ट ऑइलचा फवारा. खालची पाण्याची भोकं मोकळी. दोन्ही बाजू मिळून आम्हाला अकरा हजार लागले. स्कर्टला सात. लोक सातबद्दल विचारतात, अकराबद्दल कोणी विचारत नाही.

आता फायबर.

काँटेसाचा तयार स्कर्ट आमच्याकडे तर मिळाला नाही. नंदुरबारला गणपतीच्या मूर्तींचं काम मोठं आहे, तिथे साचे करणारा एक कारागीर मिळाला. गाडीचं काम त्याने कधी केलेलं नव्हतं, पण फायबरचा हात असा होता की बघत राहावं. आधी स्कर्टच्या आकाराचा नमुना करायचा, त्यावरून साचा, आणि साच्यात स्कर्ट. नमुना थर्माकोलचा करायचा मोह होतो, कापायला सोपा म्हणून. पण पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि ते थर्माकोलला विरघळवून टाकतं. आम्ही प्लायवूड आणि पीओपी वापरलं.

साच्याला मेणाचे चार-पाच हात, मग जेलकोट, मग ४५० ग्रॅमची मॅट तीन थर. प्रत्येक थर रेझिनने भिजवून रोलरने हवा बाहेर काढायची. पावणेदोन मीटर लांबीच्या एका स्कर्टचं वजन साधारण तीन किलो भरलं, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास. थर वाढवले म्हणजे मजबूत होतं असं नाही, जास्त रेझिन ओतलं तर उलट ठिसूळ होतं.

हार्डनर साधारण एक ते दोन टक्के. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा ४४ वर असताना, दोन टक्के टाकलं तर ब्रश फिरवण्याआधीच मग्ग्यात दगड होतो आणि मग्गा गरम होऊन धूर सोडतो. म्हणून सकाळी लवकर काम, एक टक्क्याच्या जवळ राहायचं आणि थोडं थोडं मिसळायचं. आणि हे नीट ऐका: कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेवायच्या. डोळ्याला चष्मा. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. माझ्या मामेभावाने बनियनवर घासलं. त्याच्या हळदीच्या फोटोत ते दिसतं.

बसवताना सगळे चिकटवायला जातात. पीयू अ‍ॅडहेसिव्हने स्कर्ट मस्त चिकटतो, कबूल आहे. पण मग सिल परत कधी बघणार? आम्ही तो काढता येईल असाच बसवला. सिलच्या खाली पत्र्याची जी उभी शिवण असते, तिला पकडणाऱ्या क्लिपा केल्या आणि त्यात स्टेनलेसचे बोल्ट. वरच्या कडेला दाराआड लपतील असे तीन स्क्रू, भोकाच्या कडेला प्रायमर लावून. स्कर्ट आणि पत्रा यांच्या मधे रबराची पट्टी, नाहीतर घासून रंग जातो आणि गंज पुन्हा हजर.

आणि फायबरमधली भोकं गोल नाही, लांबट करायची. याचं गणित सोपं आहे. फायबर उन्हात लोखंडाच्या साधारण दुपटीने वाढतं. पौषातली सकाळ १० डिग्री, वैशाखातल्या उन्हात गडद रंगाची पट्टी ६५ डिग्री. पावणेदोन मीटरवर लोखंड वाढतं एक मिलिमीटरच्या थोडं वर, फायबर अडीचच्या वर. हा जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक कुठेतरी जायला हवा. जागा नाही दिली तर बोल्टपाशी रंगात केसासारखी भेग येते. मधला एक बोल्ट घट्ट, बाकीचे लांबट भोकात मोठ्या वॉशरने.

उंची दोरा बांधून ठरवा, डोळ्याने नको. स्कर्टची खालची कड सायलेन्सरच्या पाइपपेक्षा खाली जाऊ देऊ नका, आपल्या गावांतले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. खालच्या बाजूला मातीपाण्याला वाट ठेवा. जॅक लावायच्या जागा कापून मोकळ्या ठेवा आणि तिथे रंगाने खूण करा, कारण पंक्चरवाला तुम्हाला विचारणार नाही, तो जॅक थेट फायबरखाली लावेल.

कायद्याचं विचारलंय बऱ्याच जणांनी. मी वकील नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कडक शब्दांत सांगितलं. स्कर्टने इंजिन, चासी, सीट, वजनाचा वर्ग यातलं काही बदलत नाही, पण जुन्या गाडीचं आरसी नूतनीकरण करताना तपासणारा साहेब काय म्हणेल ते आधी आरटीओत जाऊन विचारलेलं बरं. तिथेही काढता येणारा स्कर्ट कामाला येतो. वाद झाला तर पाना काढा, अर्ध्या तासात गाडी मूळ रूपात. शिवाय २०२१ च्या व्हिंटेज नियमात ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या काँटेसा २०३४ मध्ये पन्नाशीच्या होतील. तोपर्यंत बॉडी कापून, चिकटवून ठेवली असेल तर ती संधी गेली.

मामांचे स्कर्ट लग्नाच्या आदल्या दिवशी रात्री साडेअकराला चढले. उजवा मागच्या चाकापाशी चार मिलिमीटर बाहेर आहे. मला दिसतो, अजून कोणाला दिसलेला नाही. पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुट्टीत, दोन्ही काढून सिल पुन्हा वाजवून बघायचं ठरलंय. तो आवाज रेकॉर्ड करून तुम्हाला ऐकवतो.

पुढच्या भागात याच गाडीचे ब्रेक. तुमच्या गाडीच्या सिलचे फोटो पाठवा, वरून नको, खालून काढलेले.