सुतळी एकच, वाफे सहा

आजचा भाग गणिताचा आहे, पण लगेच बंद करू नका. आज वही नंतर, आधी 24 फूट सुतळी लागणार आहे.

एक प्रश्न विचारतो. दोन शेतांना कुंपणाची तार अगदी सारखी लागली, तर दोन्ही शेतं सारखीच मोठी ना? बरीच मुलं 'हो' म्हणतात. मोठी माणसंसुद्धा म्हणतात! 5 व्या शतकातल्या प्रोक्लस या ग्रीक विद्वानाने लिहून ठेवलंय की काही लोक वाटणीत मोठ्या घेराची, पण कमी क्षेत्रफळाची जमीन समोरच्याला देत आणि वर प्रामाणिक म्हणून नाव मिळवत. म्हणजे परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला फरक कळला नाही, तर नुसते मार्क जात नाहीत, जमीनही जाते.

हा धडा फळ्यावर नाही, मातीत शिकवायचा. आपल्या वर्ध्याला हे नवं नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला इथेच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि हाताच्या कामातून शिकवण्याची 'नई तालीम' पुढे आली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती, स्वयंपाक अशा कामांतून शिकतात.

तर आता करायचं काय? सुतळीची टोकं बांधा. गाठ मारल्यावर घेर बरोबर 24 फूट भरला पाहिजे. दर फुटाला रंगाची खूण करा. चार मुलांना चार कोपरे धरून आयत करायला सांगा. लांबी आणि रुंदी मिळून नेहमी 12 च होणार, कारण ते अर्धा घेर आहेत. पूर्ण फुटांत सहा आयत निघतात. 11 बाय 1 मध्ये जागा फक्त 11 चौरस फूट. 10 बाय 2 मध्ये 20. मग 27, 32, 35, आणि 6 बाय 6 च्या चौरसात 36! सुतळी तीच बरं का.

पण थांबा, उत्तर लगेच सांगू नका. आधी विचारा, "मेथी कुठल्या वाफ्यात जास्त मावेल?" मुलांना अंदाज करू द्या, भांडू द्या, मग मोजू द्या.

आणि 'असं का?' हे विचारलंच पाहिजे. कागदाचे 36 सारखे चौकोनी तुकडे कापून 6 बाय 6 मांडा. खालची 6 तुकड्यांची ओळ काढा आणि उभी करून बाजूला लावा. आता तिथे 5 च बसतात, एक तुकडा हातात उरतो. घेर तेवढाच, जागा एकाने कमी. पुन्हा तसंच करा, या वेळी 3 उरतात. सूत्र न सांगता कारण हातात येतं.

मग एखादं पोरगं म्हणेल, "पण 6 फूट रुंद वाफ्यात मधलं तण काढायला हात कसा पोचणार?" शाब्बास म्हणा त्याला! जागा जास्त हवी तर चौरस, हात पोचायला हवा तर अरुंद वाफा. कशासाठी मोजतोय, ते आधी ठरवावं लागतं.

घरी लहान भाऊ-बहीण असतील किंवा तुम्ही शिकवणी घेत असाल, तर या रविवारी करून बघा. सुतळी नसेल तर जुनी ओढणी फाडून पट्ट्या जोडा. भेटू पुढच्या भागात!