घरात मांजर आणि सून गरोदर



घरात सून गरोदर आहे असं कळलं की शेजारच्या दोघी-तिघी हमखास सांगतात, "आधी ते मांजर घालवा." कुणी म्हणतं केस पोटात जातात, कुणी म्हणतं अपशकुन होतो. त्यात काही तथ्य नाही. पण मांजरामुळे पसरणारा एक आजार खरोखर आहे. आज तो समजून घेऊ.

त्या जंतूचं नाव टॉक्सोप्लाझ्मा. नाव विसरलात तरी चालेल, तो येतो कुठून ते लक्षात ठेवा. उंदीर, पाखरं, कच्चं मांस खाऊन मांजराला लागण होते. मग काही दिवस त्याच्या विष्ठेतून या जंतूची बारीक अंडी पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. पडल्यावर एक ते पाच दिवसांनी ती बाधू लागतात आणि ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे मांडीवरच्या मांजरापेक्षा मातीची काळजी जास्त. बांधकामाची वाळू, परसातले भाजीचे वाफे, तिथेच मांजर उकरून घाण करतं. तुमच्या घरी मांजर नसेल, पण गावातली मांजरं वाफ्यात येतातच. मातीचा हात तोंडाला लागला, कोथिंबीर न धुता खाल्ली, की जंतू पोटात. अर्धकच्च्या मटणातूनही तो येतो.

एरवी धडधाकट माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. थोडा ताप, मानेला गाठी; बहुतेकांना तेवढंही नाही. पण गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली, तर ती वारेतून बाळापर्यंत जाऊ शकते. गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. पूर्वीच लागण होऊन गेली असेल, तर बाळाला सहसा धोका नसतो.

मग करायचं काय? मांजराची घाण रोजच्या रोज काढायची, पण गरोदर बाईने नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी. वाळूचा ढीग ताडपत्रीने झाकायचा. गरोदर बाईला निंदणी-खुरपणी टाळता येत नसेल, तर हातमोजे घालावेत, आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेतच, नखांतली मातीसुद्धा. पालेभाजी, काकडी, गाजर भरपूर पाण्याने धुवायचं. मटण आतपर्यंत शिजवायचं, कच्च्या मटणाची चव बघायची नाही. मांजराला कच्चं मांस घालायचं नाही.

ताप आला, गाठी आल्या, तर डॉक्टरांना घरातलं मांजर, शेतातलं काम, सगळं सांगा. रक्ताच्या तपासणीतून लागण जुनी की नवी याचा अंदाज येतो. नवी असेल तर गरोदरपणातही औषधं देता येतात. नुसतं 'पॉझिटिव्ह' वाचून घाबरू नका, ती जुनी लागणही असू शकते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तिथे विचारा, आशाताईंना सोबत घ्या.

शेवटचं, सासूबाईंसाठी आणि घरातल्या पुरुषांसाठी. गर्भपाताची कारणं पुष्कळ असतात. "तूच मांजर कुरवाळत होतीस" असं म्हणून तिला दोष देऊ नका. त्यापेक्षा नऊ महिने तिच्या हातातलं खुरपं तुम्ही घ्या. मांजर राहू द्या घरात, उंदीर तरी कमी होतील.