रानमेव्याचा रंग आणि स्मरणशक्ती

पावसाच्या तोंडावर गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या इब्रामपूर-हणखणे पट्ट्यात करवंदं काळी होतात, जांभळांचा सडा पडतो, भिरंडं, म्हणजे कोकमं, लालभडक पिकतात. या तिन्ही फळांना रंग देणारं द्रव्य एकाच कुळातलं, अँथोसायनिन. आंबट रसात ते लाल दिसतं. जांभळाने माखलेल्या हाताला साबण लावला की डाग निळसर होतो, तो याच द्रव्याचा गुण. ज्या परदेशी ब्लूबेरीचा मेंदूसाठी एवढा बोलबाला आहे, तिचा रंगही याच द्रव्याचा. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या सोळा हजारांवर परिचारिकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्यांची स्मरणशक्ती मंदावण्याची गती कमी होती. हा फरक स्मरणशक्तीचं म्हातारपण अडीच वर्षांपर्यंत लांबण्याइतका भरला.

यावर कोणी म्हणेल, फळं खाणारी माणसं एरवीही तब्येतीला जपतात, मग श्रेय रंगाला कसं द्यायचं? शंका रास्त आहे. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. शिवाय अँथोसायनिनचा फार थोडा अंश जसाच्या तसा रक्तात उतरतो. बराचसा आतड्यातले जिवाणू फोडतात आणि त्यातून निघालेली द्रव्यं शरीरात शोषली जातात. मात्र २०२३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे महत्त्वाचा ठरतो. साडेतीन हजारांवर ज्येष्ठांपैकी काहींना या रंगद्रव्याच्या भाऊबंदांच्या, म्हणजे कोकोतल्या फ्लॅव्हॅनॉलच्या, गोळ्या दिल्या आणि बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. सरसकट सगळ्यांना फायदा झाला नाही; ज्यांचा रोजचा आहार निकस होता, त्यांची स्मरणशक्ती मात्र सुधारली. म्हणजे ही द्रव्यं जादूची औषधं नव्हेत. आहारातली उणीव भरून काढणं, एवढंच त्यांचं काम.

हे निष्कर्ष ब्लूबेरी-स्ट्रॉबेरीचे आणि कोकोचे आहेत. ते करवंदाच्या नावावर जसेच्या तसे मांडू नयेत, आणि विसरभोळेपणा वाढला असेल तर फळांवर विसंबून डॉक्टरांकडे जाणं टाळू नये. पण उणीव भरायचीच, तर ब्लूबेरीची महागडी डबी कशाला? आपलं रानफळ ताजं खावं. भिरंडाच्या आगळात मीठ आणि सरबतात साखर भरमसाट पडते. उच्च रक्तदाब आणि मधुमेह मेंदूचे सिद्ध झालेले वैरी आहेत, म्हणून तिथे हात आखडावा. आणि हा रानमेवा टिकावा म्हणून काजूच्या लागवडीसाठी डोंगर साफ करताना करवंदीच्या जाळ्या आणि जांभळीची झाडं राखावीत, ही माझी कळकळीची विनंती.