आठ किलोबाइटचा पिठ्ठू

मी लष्करात सिग्नल्समध्ये होतो, निवृत्तीनंतर महूला राहतो. आज एका जळालेल्या पाण्याच्या मोटारीची गोष्ट सांगतो. चूक माझीच होती.

कॉलनीची टाकी आपोआप भरावी म्हणून मी एटीटायनी ८५ या चिपवर सर्किट केलं. प्रोग्रामसाठी तिच्यात जागा ८१९२ बाइट. जवानाच्या पिठ्ठूसारखंच, जेवढं मावेल तेवढंच न्यायचं. माझा सी भाषेतला प्रोग्राम छोटा, तरी मावेना. मग मी सामान कमी केलं: बोअरचं पाणी आटलं तर मोटार बंद करणारी तपासणीच काढून टाकली. मे महिन्यात पाणी आटलं, मोटार कोरडी फिरत राहिली आणि जळाली. शेजारच्या वहिनी बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. मी घरातून बाहेर पडलो नाही.

नंतर कळलं, चाचणीसाठी ठेवलेलं ‘ओ-झिरो’ सेटिंग मी बदललंच नव्हतं. त्यात जीसीसी कंपायलर काटकसर जवळजवळ करतच नाही. प्रत्येक व्हेरिएबल मेमरीत ठेवतो, पुन्हा उचलतो. त्यात ते ‘डिले’ फंक्शन. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर किती थांबायचं हा दशांशातला हिशेब कंपायलर आधीच करून टाकतो. बंद असेल तर तो चिपला करावा लागतो, आणि त्यासाठी दशांश गणिताचा वेगळा कोड आत येतो. कंपायलर तशी वॉर्निंगही देतो. मी ती रोज पाहायचो. वाचायचो नाही.

‘ओ-एस’ लावलं, म्हणजे आकार कमी ठेव. प्रत्येक फंक्शन वेगळ्या कप्प्यात ठेवायला कंपायलरला आणि न लागणारी टाकून द्यायला लिंकरला सांगितलं. तपासणीसकट सगळं बसलं, वर जागा उरली.

‘ओ-थ्री’चा मोह मात्र नको. वेगासाठी तो लूप उलगडतो, फंक्शनं जागोजागी चिकटवतो, आणि बहुधा कोड फुगतो. क्लँग कंपायलरमध्ये आणखी आवळणारं ‘ओ-झेड’ आहे. जीसीसीत ते २०२२ साली १२व्या आवृत्तीत आलं. दोन्ही करून मोजा. मोजताना डिस्कवरच्या फाइलचा आकार पाहून घाबरू नका, त्यात डीबगची माहिती असते, ती चिपवर जात नाही. ‘एव्हीआर-साइझ’ चालवा, टेक्स्ट आणि डेटा यांची बेरीज तेवढी तुमची.

नवी मोटार माझ्या पेन्शनमधून आली. पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा आटलं, तेव्हा ती आपली आपण बंद झाली.