कोरोनाकाळातले आमचे विद्यार्थी डॉक्टर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



मी डॉक्टर नाही, शाळामास्तर होतो. पण माझी पुतणी मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावातून एम.बी.बी.एस.ला गेली, म्हणून हा विषय आमच्या घरातलाच. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झाले आणि पोरगी पुस्तकांची पेटी घेऊन गावी आली. लेक्चर मोबाईलवर. घरात रेंज नाही, म्हणून सड्यावर जाऊन बसायची. त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आले, विजेचे खांब आडवे झाले. आता मोबाईल चार्ज कुठे करायचा?

बरं, ऐकून औषधांची नावे पाठ होतील. पण छातीतला आवाज साधा की न्यूमोनियाचा, हे पडद्यावरून कसे कळणार? ती माझ्या आईच्या पाठीला स्टेथोस्कोप लावायची. म्हणायची, "आजी, तुझा आवाज चांगला आहे गं, मला बिघडलेला ऐकायचाय!"

३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने ठरवले की इंटर्ननी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडचे काम करावे, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सौम्य रुग्णांना फोनवर सल्ला द्यावा, त्यांच्यावर लक्ष ठेवावे. माझ्या मते हे उशिरा सुचले. पुतणीला फोनचे काम मिळाले. रुग्णाला सहा मिनिटे चालायला लावायचे, ऑक्सिमीटरचा आकडा विचारायचा, ९४ च्या खाली गेला की सरांना कळवायचे. पण ती सांगते, बोलताना माणसाचे वाक्य मध्येच तुटायला लागले की आकड्याआधीच धाप कळायची. म्हणजे फोननेही काही शिकवलेच.

तरी हाताचे काम हातानेच. काठियावाडातली १९२९ सालची हकिकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये दिली आहे. अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी. डॉक्टर वस्तीत येईना. तिला बाहेर आणले, तर थर्मामीटरसुद्धा दुसऱ्याच्या हातून दिला. न्यूमोनिया आहे म्हणाला आणि गेला. बाई वाचली नाही. कोरोनातले अंतर नाइलाजाचे होते, ती गोष्ट वेगळी. पण हात न लावता शिकलेला डॉक्टर आपल्याला परवडणार नाही.

रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याची मुले जिल्हा रुग्णालयात शिकतात. आपल्यातले काही जण त्यांना पाहून "मोठ्या डॉक्टरांना बोलवा" म्हणतात. माझी विनंती, विद्यार्थी विचारून तपासत असेल तर तपासू द्या. दुखत असेल, नको असेल तर तसे सांगा, तो तुमचा हक्क आहे.

पुतणी पुन्हा वॉर्डात गेली तेव्हा एका म्हाताऱ्या खलाशाच्या छातीत तिने तो आवाज पहिल्यांदा ऐकला. "सावकाश ऐक पोरी," म्हणत त्याने तिच्यासाठी तीनदा श्वास घेतला.

जयभीम.