आणखी थोडी जमीन

लोभाचं निरूपण चाललंय, तर रशियातली एक गोष्ट ऐका. लिओ टॉलस्टॉय, स्वतः मोठा जमीनदार घराण्यातला. त्यानं 1886 साली ती लिहिली. माणसाला जमीन लागते तरी किती, असा प्रश्नच तिचं नाव आहे.

पाखोम नावाचा शेतकरी. कष्टाळू माणूस. एकदा एवढंच म्हणाला, की जमीन भरपूर असती तर आपण सैतानालाही भ्यालो नसतो. आणि सैतान कुठं बसलेला? त्याच्याच घरात, चुलीमागं! बाहेरून यावं लागलंच नाही महाराज.

शेजारी एका बाईची मोठी शेती. पाखोमची गुरं तिकडं शिरली की तिचा कारभारी दंड करी, आणि हा घरी येऊन तो राग घरच्यांवर काढी. पुढं उसनंपासनं करून त्यानं त्याच बाईची थोडी जमीन घेतली. मग गावातली गुरं याच्या रानात येऊ लागली. आधी हाकलली, समजावून सांगितलं. शेवटी गेला की कोर्टात! ज्या दंडापायी स्वतः रडला होता, तोच दंड आता शेजाऱ्यांना. मला विचाराल, तर पुढच्या मरणापेक्षा हीच जागा जास्त भ्यायची आहे. माझ्याकडं काय बघताय, आपापल्या बांधाकडं बघा!

मग व्होल्गेपलीकडं गेला, तीही जमीन अपुरी. शेवटी बश्कीर लोकांकडं पोचला. त्यांचा भाव सरळ : 1000 रूबल दिवसाला. दिवसभरात पायी जेवढ्याला वळसा घालशील तेवढी तुझी. सूर्य मावळायच्या आत निघाल्या जागी परत ये, नाहीतर पैसे गेले.

टेकडीवर मुखियानं आपली टोपी ठेवली, त्यात पैसे. पाखोम फावडं घेऊन निघाला. खड्डा खणायचा, खूण करायची, पुढं जायचं. वळायची वेळ झाली तर समोर ओलसर खोलगट जागा. इथं जवस छान येईल! घेतली तीही.

दिवस कलला तेव्हा जीव घेऊन पळाला. कोट टाकला, बूट टाकले, पाण्याची बाटली टाकली. फावडं मात्र सोडलं नाही, त्याचाच आधार घेत होता. टोपीपर्यंत पोचला, हात लावला आणि कोसळला. तोंडातनं रक्त.

मुखिया हसत होता. नोकरानं तेच फावडं उचललं आणि मालकाच्या मापाचा खड्डा खणला. तीन अर्शिन, म्हणजे सात फूट.