कोकणचे पाणी, बंगालचा वारा
(गेल्या वर्षीच्या उत्सवात झालेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



आपली बनशंकरी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर. इथे समुद्राच्या गोष्टी कशाला, असे कुणालाही वाटेल. पण संगणकावर समुद्र उभा करण्याचे काम आपल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही चालते. अशाच एका प्रकल्पात मी काही वर्षे प्रोग्रॅम लिहिले. त्यातली माझी एक चूक आज सांगतो.

माझे बालपण मालवणचे. किनाऱ्याजवळचे पाणी पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहते, थंडीत उत्तरेकडे. तेही वाऱ्याच्या विरुद्ध. थंडीत सुटलेले जाळे शोधताना आजोबा म्हणत, "वाऱ्याकडे काय बघतोस? पाण्याकडे बघ."

संगणकाच्या मॉडेलमध्ये समुद्राचे चौकोन पाडतात आणि खाली तळापर्यंत थर लावतात. प्रत्येक चौकोनात तापमान, क्षारता आणि वेग यांची गणिते सुटतात. गणिते वाचावीत म्हणून मी फक्त अरबी समुद्र घेतला आणि कन्याकुमारीजवळ भिंत घातली. पावसाळा बरा जमला. थंडीतला प्रवाह मात्र उत्तरेकडे जाईना. दोन महिने मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो. चूक भिंतीत होती!

बंगालच्या उपसागरातले वारे पूर्व किनाऱ्यालगत फार लांब लाटा उठवतात. त्यांना केल्विन लाटा म्हणतात. किनारा उजव्या हाताला ठेवून त्या दिवसाला सुमारे २०० किलोमीटर जातात, श्रीलंकेला वळसा घालून आपल्या पश्चिम किनाऱ्याने वर चढतात. थंडीतला कोकणचा प्रवाह मुख्यतः त्यांच्यामुळे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. सतीश शेट्ये व सहकाऱ्यांनी १९८७-८८ मध्ये जहाजावरून हे प्रवाह मोजले होते. बंगालच्या वाऱ्याचा हात १९९३ साली मॅक्‌क्रिअरी, कुंडू आणि मोलिनारी यांच्या मॉडेलने दाखवला होता. मी तो लेख नीट वाचलाच नव्हता.

याहून अवघड भाग खालचा. पावसाळ्यात वरचे पाणी दक्षिणेकडे जात असताना शंभर-दीडशे मीटर खाली ते उत्तरेकडे सरकते. वरचा नकाशा बरोबर आला म्हणून खालचाही बरोबर, असे धरता येत नाही. तिथे उपकरण सोडावेच लागते. २०१६ च्या पावसाळ्यात विज्ञान संस्था आणि इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 'सिंधू साधना' जहाजावरून बंगालच्या उपसागरात ग्लायडर सोडले. ते १००० मीटरपर्यंत बुडी मारून मोजमाप आणतात. म्हणजे आपण जेवढे वर, जवळजवळ तेवढेच ते खाली!

सांडलेले तेल कुठे जाईल, भरकटलेली होडी कुठे शोधायची, याची उत्तरे अशा मॉडेलवर अवलंबून असतात. तिथे घातलेली चुकीची भिंत कुणाच्या तरी घरच्या माणसाला महागात पडू शकते.

आजोबा आज नाहीत. त्यांना एवढेच सांगायचे राहिले, की पाण्याकडे बघायला मी उशिरा शिकलो.